गुळीनं रंकाळा घरी आणला : दोन कुत्र्यांवरचं बालपुस्तक स्वतः काढताना

कोल्हापुरात राजारामपुरीतलं एक घर. बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, यजमान बँकेतून निवृत्त. घरात दोन कुत्री. बुक्का काळा कुळकुळीत, चौदा वर्षं सोबत राहिलेला. गुळी गुळाच्या ढेपेच्या रंगाची, गल्लीतूनच उचलून आणलेली, डावा कान अर्ध्यातून मुडपलेला. बुक्का गेल्यावर बाईंनी दोघांची गोष्ट लिहायला घेतली आणि तिचं पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. हे प्रकरण त्या पुस्तकाचं: हस्तलिखितापासून दुसऱ्या मुद्रणापर्यंत काय ठरलं, काय बिघडलं आणि का.

सुरुवातीला ठरलेलं असं होतं. १९०० शब्दांची गोष्ट, साडेआठ इंची चौकोनी आकार, जाड पुठ्ठ्याची बांधणी, १००० प्रती, आणि सगळं तीन महिन्यांत, बालदिनाच्या आत. चित्रकाराला आगाऊ रक्कम द्यायची बोलणी झाली होती. प्रेसकडून दरपत्रकही आलं होतं. म्हणजे पैसे अडकवणारे तिन्ही निर्णय (आकार, पानं, प्रती) झाले होते आणि गोष्ट मात्र अजून कच्ची होती. घरच्या कुत्र्यांवरच्या पुस्तकात हे फार वेळा होतं. जीव एवढा गुंतलेला असतो की पुस्तक डोळ्यांसमोर तयारच दिसतं, आणि मधलं काम राहून गेलंय हे ध्यानातच येत नाही.

गोष्ट आणि आठवणी

पहिल्या खर्ड्यात एकोणीस प्रसंग होते. बुक्का घरी आला, त्यानं चप्पल फाडली, दिवाळीत पलंगाखाली लपला, गुळी आली, दोघं भांडली, बुक्का म्हातारा झाला, गेला. घरच्यांसाठी यातली एकेक ओळ मोलाची. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला बुक्का माहीतच नसतो. त्याला कुत्र्याचं चरित्र नको असतं. कुत्र्याला काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीय, एवढं दिसलं की ते मूल पुढं सरकून बसतं.

एकोणीसपैकी एकाच प्रसंगात असं काहीतरी होतं. पाय थकल्यावर बुक्काला रंकाळा तळ्यापर्यंत चालवेना. गुळी फिरून परत आली की तो तिला बराच वेळ हुंगत बसायचा. बाकी अठरा प्रसंग बाजूला ठेवून याच धाग्यावर गोष्ट उभी केली. बुक्काला रंकाळ्याची आठवण येते. गुळी त्याच्यासाठी रंकाळा घरी आणायचं ठरवते. पहिल्यांदा काठावरची काठी आणते, पण वाटेत दुसरं कुत्रं ती पळवतं. मग भेळेचा रिकामा कागद आणते, तो वाऱ्यानं उडून जातो. तिसऱ्यांदा ती थेट पाण्यात उडी मारते, ओलीचिंब धावत घरी येते आणि बुक्कासमोर उभी राहून अंग झाडते. शेंडीपासून शेपटीपर्यंत. रंकाळा घरी येतो. गोष्ट ६२० शब्दांत बसली.

मृत्यूचं काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलांच्या पुस्तकात मरण येऊ नये असं मुळीच नाही. पण आणायचं तर ते सरळ आणावं. ‘बुक्का मेला, आता तो परत येणार नाही’ हे मुलाला समजतं. ‘बुक्का कायमचा झोपला’ लिहिलं की लहान मुलं झोपायलाच घाबरतात, आणि ‘देवाघरी गेला’ म्हटलं की परत कधी येणार हा प्रश्न सुटत नाही. या गोष्टीत रंकाळा घरी येतो तिथंच मन भरतं. त्यापुढं मरण जोडलं असतं तर ते मोठ्यांच्या दुःखासाठी जोडलेलं झालं असतं. म्हणून ते काढलं. अर्पणपत्रिकेत बुक्काचं नाव आणि दोन सालं एवढंच ठेवलं. हा निर्णय योग्यच होता.

काही दुरुस्त्या कुत्र्यांच्या बाजूनं कराव्या लागल्या. मूळ खर्ड्यात गुळी भेळ खाते आणि बुक्काला वाढदिवसाला चॉकलेट मिळतं. भेळेत कच्चा कांदा असतो. कांद्यानं कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आणि द्राक्षं-बेदाणे हेही त्यांना विषारी. पुस्तक वाचून मूल आपल्या कुत्र्याला तेच भरवायला जाणार. म्हणून भेळ गेली आणि रिकामा कागद आला. गोष्टीलाही तोच बरा पडला. तसंच एका चित्रात गल्लीतलं मूल जेवत्या कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं होतं. ते मूल शेजारी बसलेलं दाखवलं आणि कुत्र्यापुढचं ताट काढलं. पाण्याच्या चित्रांत मुलं पायरीवर, मोठ्या माणसाबरोबर. शेवटच्या पानावर पालकांसाठी चार ओळी दिल्या: अनोळखी कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

बोलीबद्दल एक निर्णय झाला. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद कोल्हापुरी. ‘काय करालाईस?’ हे बुक्कानं विचारलं की इथल्या मुलाला घरचं वाटतं, आणि चित्र सोबत असल्यामुळं नागपूरच्या मुलाचंही अडत नाही.

आठ कागदांची डमी

डमी म्हणजे पुस्तकाचा हाती केलेला कच्चा नमुना. एफोर आकाराचे आठ कोरे कागद एकावर एक ठेवून मधून दुमडले की ३२ पानं होतात. मधोमध दोन टाचण्या मारायच्या, पानांवर पेन्सिलीनं आकडे घालायचे, मजकूर कापून चिकटवायचा आणि चित्राच्या जागी काडीची माणसं-कुत्री काढायची. एवढ्या एका वस्तूनं या प्रकरणात जितका खर्च वाचला तितका दुसऱ्या कशानंच वाचला नसेल.

पान १ अर्धशीर्षक, २ श्रेयपान, ३ शीर्षकपान. गोष्ट ४ ते ३१, म्हणजे समोरासमोरच्या १४ जोड्या. ३२ वर पालकांचा मजकूर. मधून पिन मारलेल्या ३२ पानी पुस्तकात १६-१७ हीच एक जोडी सलग कागदावर असते. बाकी सगळीकडं डावं पान एका कागदाचं आणि उजवं दुसऱ्याचं. छपाईत आणि दुमडताना मिलीमीटरभर सरकणारच. म्हणून रंकाळ्याचं अखंड, रुंद चित्र १६-१७ वर गेलं. अंग झाडण्याचं मोठं चित्र २६-२७ वर होतं. पहिल्या रेखाटनात गुळीचं नाक नेमकं दुमडीत जात होतं. ते बदलून गुळी डावीकडं, बुक्का उजवीकडं आणि दुमडीवरून फक्त पाण्याचे थेंब उडताहेत असं केलं. थेंब सरकले तरी कुणाला कळत नाही.

पान उलटण्याची जागाही डमीतच समजते. ‘गुळीनं या वेळी काय आणलं?’ हा प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी हवा आणि उत्तर पलटल्यावर. प्रश्न डाव्या पानावर असला तर मूल उजव्या पानावरचं उत्तर आधीच पाहतं.

हीच डमी तीन बालवाड्यांत दहा-बारा मुलांपुढं वाचली. वाचणारी व्यक्ती दर वेळी वेगळी, आणि बाई स्वतः कधीच नाहीत. कारण लेखिका वाचताना आवाजानं गोष्ट सांभाळून घेते. मुलं कुठं इकडंतिकडं बघायला लागतात, तिथं डमीच्या समासात फुली मारायची. तिन्ही ठिकाणी मुलांनी एकच प्रश्न विचारला: ‘बुक्का कुठाय?’ गुळी बाहेर गेली की बुक्का चित्रातून गायब व्हायचा आणि मुलांना चैन पडायचं नाही. त्यावरून प्रत्येक जोडीत बुक्काची काही ना काही खूण आली: कुठं खिडकीतून दिसणारी शेपटी, कुठं रिकामं ताट, कुठं त्याच्या पट्ट्याची घंटा. मोठ्यांनी नुसतंच ‘छान आहे’ म्हटलं होतं.

आकार, कागद, बांधणी

साडेआठ इंची चौकोन दिसायला देखणा, पण कागदाच्या बाजारात तो बसत नाही. २३×३६ इंची शीटवर एका बाजूला अशी आठ पानं बसतात: ३४×१७, म्हणजे ८२८ चौरस इंचांतले ५७८. तीस टक्के कागद कापून टाकायचा आणि त्याचे पैसे मोजायचे. याउलट २०×३० च्या शीटवर सव्वासात × साडेनऊ इंची आठ पानं बसली की ६०० पैकी ५५१ चौरस इंच वापरात येतात. एका शीटच्या दोन बाजूंना १६ पानं, दोन शीटमध्ये आख्खं पुस्तक. म्हणून आकार बदलून सव्वासात × साडेनऊ, उभा.

कागद १३० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम भरणारा, मॅट आर्ट: गुळगुळीत पण न चमकणारा. ग्लॉस आर्टवर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि मांडीवर पुस्तक घेतलेल्या मुलाला अर्धं चित्र दिसत नाही. मॅपलिथो हा बिनलेपाचा साधा कागद हाताला छान लागतो, पण शाई पितो. गडद रंग त्यात पसरून भरून जातात, आणि या पुस्तकाचा एक नायक काळा आहे. मुखपृष्ठ ३०० जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन. जाड पुठ्ठ्याची बांधणी सोडून मधून दोन पिना मारल्या. ३२ पानांना त्या पुरतात आणि पुस्तक पूर्ण सपाट उघडतं. कोपरे गोल कापले. एक प्रत साधारण १२० ग्रॅम भरते, आणि पुढं टपालात हा आकडा कामी आला.

चित्रकाराशी करार

कोल्हापुरात चित्रकार शोधायला लांब जावं लागत नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटमधून दर वर्षी तयार हात बाहेर पडतात. पण हुकमी व्यक्तिचित्र काढणारा प्रत्येक जण एकच कुत्रं सलग चौदा वेळा सारखं काढू शकेल असं नाही. म्हणून आगाऊ रकमेआधी दोन्ही कुत्र्यांचा नमुना-तक्ता मागवला: समोरून, बाजूनं, पाठीमागून, बसलेलं, धावतं, आणि उंचीच्या अंदाजासाठी मुलाशेजारी उभं. संदर्भाचे फोटो उभं राहून वरून काढलेले नकोत. जमिनीवर बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावेत.

तक्ता असूनही कान चुकलाच. तीन चित्रांत गुळी उजवीकडं पळायला हवी म्हणून चित्रकारानं रेखाटन आरशासारखं उलटवलं आणि मुडपलेला डावा कान उजवा झाला. रेषा तपासताना हे सुटलं, रंगवल्यावर दिसलं. कुत्र्याच्या अंगावर एकाच बाजूची खूण असेल तर उलटवलेलं चित्र वेगळं तपासायचं, असं त्यानंतर तक्त्यावरच लिहून ठेवलं. दुसरी चूक पक्की कोल्हापूरची. रंकाळ्याच्या चित्रात तळ्यातला दगडी संध्यामठ पूर्ण उघडा आणि काठावर लोक छत्र्या घेऊन. पावसाळ्यात तळं भरलं की संध्यामठ पाण्याखाली जातो. इथल्या पोराला हे पटकन कळतं. छत्र्या काढल्या, ऊन टाकलं.

करार दोन पानी, पण त्याशिवाय पहिला हप्ता द्यायचा नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचंच लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यामुळं दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या. शिवाय हे मुद्दे: पुस्तक, ई-पुस्तक आणि अनुवादात चित्रं वापरता येतील, टीशर्ट-मग यांसाठी वेगळी बोलणी, मूळ चित्रं चित्रकाराकडंच, मुखपृष्ठावर लेखिकेइतक्याच आकारात चित्रकाराचं नाव. पैसे तीन हप्त्यांत: तक्ता आणि पेन्सिल रेखाटनं मंजूर झाल्यावर, निम्मी रंगीत चित्रं आल्यावर, अंतिम फायली मिळाल्यावर. फुकटच्या दुरुस्त्या पेन्सिलीत दोन वेळा, रंगीतमध्ये एकदा. ही ओळ नसली की मालकाच्या डोळ्यात बसलेलं कुत्रं कागदावर येईपर्यंत चित्रकाराचा जीव जातो. चित्रातलं कुत्रं हुबेहूब आपलं दिसायला हवं, हा हट्ट मालकानं कुठंतरी सोडावाच लागतो.

फाइलचं मापही करारातच हवं. दोन पानांचं चित्र साडेचौदा × साडेनऊ इंच, चारी बाजूंना ३ मिलीमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके); म्हणजे सुमारे ४४२१ × २९२१ पिक्सेल. पहिली चार चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली आणि दाबली जाऊन छपाईच्या कामाची राहिली नाहीत. नंतरची सगळी ड्राइव्हवरून, लेयर वेगळे ठेवून.

अक्षरं

बाईंनी मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिला होता. अक्षरजुळणी करणाऱ्या डीटीपीवाल्यानं तो श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलून घेतला आणि ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्या’ तुटला. कुठं रफार झाला, कुठं पाय मोडका र. फॉन्ट बदलताना हे नेहमीचं. कन्व्हर्टरवर विश्वास न ठेवता बदललेला मजकूर पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायचा असतो. इथं वाट बदलून इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोड घेतलं. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. फॉन्ट एक टाइप या मुंबईच्या गटाचा मुक्ता. त्याचा परवाना खुला आहे आणि छापील पुस्तकात वापरायला पैसे पडत नाहीत.

फॉन्ट निवडताना पाहिलेली अक्षरं: ‘ख’ हा ‘रव’ वाचला जात नाही ना, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे दिसतात ना, ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा म्हणजे मराठी वळणाचा आहे ना. आणि या पुस्तकात खास ‘क्क’. नायकाच्या नावातच जोडाक्षर. काही फॉन्टांत एका ‘क’ खाली दुसरा ‘क’ लटकतो, काहींत अर्धा ‘क’ शेजारी येतो. नुकतं वाचू लागलेल्या मुलाला शेजारचाच समजतो. मुखपृष्ठावरच्या हाती काढलेल्या नावात ‘क्क’ वरखाली आणि आत शेजारी असं झालं होतं. मुखपृष्ठ पुन्हा काढून घेतलं.

अक्षर २० पॉइंट, ओळींमधलं अंतर ३२ पॉइंट. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या हिशोबानं ओळी दाटल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. ओळ अर्थाच्या जागी तोडायची, शब्द कधीच तोडायचा नाही.

काळा कुत्रा आणि काळी शाई

सगळ्यात जास्त डोकेदुखी बुक्काच्या रंगानं दिली. चित्रं आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत होती. आरजीबीतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगनं सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, नेला की निळा ७५, गुलाबी ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के होतो. म्हणजे एकाच जागी चार शाया मिळून ३०० टक्के. अख्खं अंग असं असलेला कुत्रा पानभर छापला की शाई लवकर वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला लागते, आणि समोरच्या पानावर बुक्काची फिकट सावली उमटते. शिवाय डोळे, नाक, पाय सगळं एकाच काळ्यात बुडतं. पडद्यावर डोळे दिसत होते कारण पडद्याला मागून उजेड असतो.

उपाय चित्रातच केला. बुक्काला निव्वळ काळा कुठंच ठेवला नाही. अंग गडद करडं, उजेडाच्या बाजूला निळसर कड, पोटाकडं तपकिरी झाक, आणि सगळ्यात गडद जागीही शाईची बेरीज २६० च्या आत. डोळ्यात एक कोरा पांढरा ठिपका. रात्रीच्या चित्रातलं आकाश जांभळट केलं, नाहीतर काळ्यावर काळा.

हाच रोग अक्षरांनाही लागला होता. मजकुराचा काळा रंगही चार शायांत वाटला गेला होता, आणि प्लेट केसभर सरकली तरी मात्रांना गुलाबी-निळ्या कडा दिसायच्या. अक्षरांना फक्त काळी शाई १०० टक्के, चित्रावर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचं चित्र न कोरता त्यावरच छापलेली. गडद चित्रावर पांढरी अक्षरं दोन ठिकाणी होती. बारीक शिरोरेषा शाईनं भरून जाते म्हणून तिथं ठळक वजन घेतलं.

प्रेसवर पहिली शीट निघताना लेखक किंवा चित्रकारापैकी कुणीतरी हजर हवं, दिवसाच्या उजेडात. शीटवर सही करायची आणि तीच पुढच्या छपाईचा नमुना. जुलै-ऑगस्टमध्ये काम काढायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, शाई वाळायला वेळ घेते, लॅमिनेशनला फुगे येतात. काम पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात गेलं. आधी ठरवलेला बालदिन हुकला होताच. हा साधला.

किती प्रती

दर सारखे बदलतात, म्हणून इथले रुपये हिशोबाची रीत दाखवण्यापुरते गोल धरले आहेत. ऑफसेटला, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईला, ३२ पानांच्या चार शीट-बाजू, प्रत्येकी चार रंग, म्हणजे १६ प्लेटा. मुखपृष्ठाच्या आणखी चार. प्लेटा, मशीन लावणं आणि सुरुवातीची वाया जाणारी शीटं यांचा खर्च २०० प्रतींना तेवढाच आणि २००० ना तेवढाच. तो २४,००० धरू, आणि प्रत्येक प्रतीचा कागद-छपाई-बांधणी ३८ रुपये. डिजिटलला प्लेट नाही, पण प्रत १७० ला पडते. २४,००० भागिले १३२ (१७० उणे ३८) म्हणजे साधारण १८० प्रती. त्याखाली डिजिटल, त्यावर ऑफसेट.

५०० प्रतींना ४३,००० रुपये, प्रत ८६ ला. १००० प्रतींना ६२,०००, प्रत ६२ ला. इथंच सगळे हजाराकडं ओढले जातात. पण खपल्या ३५० तर? पाचशेच्या छपाईत खपलेली प्रत १२३ ला पडली, हजाराच्या छपाईत १७७ ला. शिवाय हजार प्रती म्हणजे १२० किलो कागद आणि एकावर एक ठेवला तर अडीच मीटर उंच ढीग. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या सखल भागांत पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर गठ्ठे ठेवणार असाल तर हेही हिशोबात धरा. म्हणून आधी ३० प्रती डिजिटल, विक्रीसाठी नव्हे तर चुका शोधण्यासाठी, आणि मग ५०० ऑफसेट. उलटलेल्या कानांपैकी शेवटचा या ३० प्रतींतच सापडला, एका पहिलीतल्या मुलीला.

आता पूर्ण जमाखर्च. चित्रं ६०,०००, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन ८,०००, ३० प्रती ५,१००, छपाई ४३,०००. एकूण १,१६,१००. किंमत २०० रुपये. हातोहात २०० प्रती विकल्या तर ४०,०००. दुकानांतून १५० प्रती ४० टक्के सूट देऊन १८,०००. म्हणजे ३५० प्रतींचे ५८,००० आले, सरासरी साधारण १६६ रुपये. पहिल्या मुद्रणात चित्रांचे पैसे सुटत नाहीत. दुसऱ्या ५०० प्रती काढल्या की खर्च १,५९,१०० होतो आणि भेटीच्या चाळीसेक प्रती वगळून सगळ्या गेल्या की तोंडमिळवणी होते. एवढं आधीच ठाऊक असेल तर मन खट्टू होत नाही. वितरकाकडून विकायचं तर सूट ४० ते ५० टक्क्यांवर जाते. ती किंमत ठरवतानाच धरावी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर लागतो आणि तो परत मिळत नाही. दरपत्रकात ‘कर वेगळा’ लिहिलंय का ते पाहावं.

क्रमांक, कायद्याच्या प्रती, टपाल

आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. पैसे घेऊन क्रमांक देणारे मध्यस्थ स्वतःच्या नावावरचा क्रमांक देतात, आणि नोंदीत प्रकाशक तेच राहतात. बाईंना असा प्रस्ताव आला होता, त्यांनी नाकारला. अर्ज चित्रं सुरू असतानाच करावा, म्हणजे मलपृष्ठावर बारकोड छापता येतो. उशीर झाला तर पाचशे प्रतींवर हातानं स्टिकर लावत बसावं लागतं.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत, १९५४ च्या कायद्याप्रमाणे, प्रकाशकानं स्वखर्चानं चार प्रती पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईची सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक जण हे विसरतात. पाचवी प्रत १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिराला दिली. ती कायद्यानं लागत नाही, पण कोल्हापूरच्या पुस्तकाची जागा तिथं आहे.

टपालासाठी १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा सोयीची पडली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिराती नकोत. दोन प्रती २४० ग्रॅम, पुठ्ठ्याचं पाकीट ४० ग्रॅम. ३०० च्या आत. म्हणून मागणी नोंदवतानाच ‘दोन प्रती एकत्र’ हा पर्याय ठेवला आणि बहुतेकांनी तोच घेतला, एक घरी आणि एक भाच्या-पुतण्याला.

दुसरं मुद्रण

मजकूर आणि बांधणी तीच असेल तर पुनर्मुद्रणाला नवा आयएसबीएन लागत नाही. म्हणून फक्त बारीक दुरुस्त्या घेतल्या: पान ११ वरचा तुटका ‘ऱ्या’, पालकांच्या पानावरचं अक्षर १२ वरून १४ पॉइंट, आणि मॅट लॅमिनेशनवर गडद मलपृष्ठाला ओरखडे दिसत होते म्हणून मलपृष्ठ संध्याकाळच्या पिवळ्या पाण्याचं. छापील पीडीएफ आणि उघड्या फायली दोन्ही प्रेसकडून मागून घेतल्या होत्या, त्यामुळं चार दिवसांत काम मशीनवर चढलं. पहिल्या मुद्रणाची सही केलेली शीट सोबत नेली आणि नव्या शीटशेजारी खिडकीत धरून बघितली. बुक्काच्या पाठीवरची निळसर कड दोन्हींत सारखी होती.